कोऱ्या कागदालाही 'वा, छान!'

ताई,

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. मी बहुतेक दिवस घरूनच काम करतो. मागच्या आठवड्यात मीटिंग चालू असताना ती चित्र दाखवायला आली. स्क्रीनवरची नजर न हलवता मी म्हणालो, 'वा, छान!' थोड्या वेळाने दुसरं घेऊन आली. पुन्हा 'वा, छान!' तिसऱ्यांदा आली तेव्हाही माझ्या तोंडून तेच निघालं. ती जागची हलली नाही. म्हणाली, 'बाबा, हा कोरा कागद आहे.'

रविवारी नातेवाईक जमले होते. मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. मुलगी मात्र उठून आतल्या खोलीत गेली. रात्री बायको एवढंच म्हणाली, 'तुला सगळ्याचा विनोद करता येतो, बरं आहे.'

त्याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. सकाळी शाळेची गाडी यायची वेळ झाली आणि मुलीची पाण्याची बाटली सापडेना. मी तिच्यावर इतका ओरडलो की ती रडतच गाडीत बसली. दुपारी बाटली माझ्याच बॅगेत सापडली. आदल्या दिवशी मीच ठेवली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तिलाही नाही. रात्री झोप लागत नाही. हसून सोडून द्यावं तर स्वतःचीच लाज वाटते, नाही हसलं तर बाप म्हणून आपण नापास आहोत हेच डोक्यात घोळत राहतं. अशा गोष्टींवर हसणं चूक आहे का? आणि स्वतःला माफ करायचं म्हणजे नक्की करायचं काय?

– एक बाबा

*

नमस्कार,

हसणं चूक नाही. मुलं वाढवताना आपल्या हातून जे काही होतं त्यावर ज्या घरात कुणालाच हसता येत नाही, त्या घरातली माणसं फार लवकर थकतात. पण तुमच्या पत्रात प्रसंग दोन आहेत आणि तुम्ही दोन्हींसाठी एकच उत्तर मागताय. चित्राचा प्रसंग तुम्ही चारचौघांत सांगितलात. बाटलीचा अजून कुणालाही सांगितलेला नाही. तुमची झोप उडवतोय तो बाटलीचाच, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. सांगायला सोपा होता त्यावर हसून झालं, सांगायला हवा होता तो पोटात राहिला.

आधी चित्राकडे बघू, कारण त्यात तुम्हाला दिसलेलं नाही असं बरंच काही आहे.

पहिल्या दोन खेपांनंतर तुमच्या मुलीला कळलं होतं की बाबा बघतच नाहीयेत. त्यावर तिला रुसून बसता आलं असतं, पाय आपटता आले असते, चित्र टराटरा फाडता आलं असतं. तिने तुमची परीक्षा घ्यायचं ठरवलं. कोरा कागद उचलला, आधीच्याच उत्साहाने तुमच्यासमोर धरला, तुम्ही नापास होईपर्यंत वाट पाहिली आणि निकाल तोंडावर सांगितला. आठ वर्षांच्या मुलीला हे कधी सुचतं? बाबांना असं पकडलं तरी आपल्याला बोलणी बसणार नाहीत, ही खात्री असते तेव्हा. आईबापांकडून आशा सोडलेलं मूल कोरा कागद घेऊन येत नाही. ते येतच नाही. स्वतःला नापास ठरवण्याआधी ही गोष्ट हिशेबात धरा. तिची ती खात्री आपोआप तयार झालेली नाही, आठ वर्षं तुम्ही दोघांनी ती तयार केलीय.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग सांगितल्यावर दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, पुढे झेपावतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडू लागतं. हा भाग वाचून आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि बहुतेक जण तिथेच वाचायचं थांबवतात. पण ट्रॉनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोजच्या साध्या खेळातल्या आई-बाळाच्या जोड्याही बारकाईने पाहिल्या. एकमेकांशी छान जमणाऱ्या जोड्यांमध्येही दोघांचे सूर जुळलेले असतात ते साधारण ३० टक्के वेळ. उरलेल्या वेळात सूर चुकतात आणि पुन्हा जुळवले जातात. चुकलेलं पुन्हा जुळतं, हा अनुभव सतत मिळत राहणं बाळाच्या वाढीसाठी फार मोलाचं असतं, असं त्याचं म्हणणं आहे.

तेव्हा मीटिंगमध्ये लक्ष नव्हतं याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. माझी हरकत आहे ती त्या 'वा, छान!'ला. तुम्ही बघितलं नाहीत हे ती सहज सोसू शकते. बघितल्यासारखं केलंत, हे तिला लागलं. पुढच्या वेळी हेडफोन काढा, तिच्याकडे बघा आणि सरळ सांगा, 'आत्ता मला बघता येणार नाही. साडेचारला संपतंय, तेव्हा बघतो.' मग साडेचारला खरंच बघा. ती विसरली असेल तर तुम्ही आठवण काढा. तेव्हाही कौतुकाची घाई नको. 'हा माणूस इतका वाकडा का उभा आहे?' असं विचारलंत तर ती दहा मिनिटं बोलेल, आणि तुम्ही खरंच पाहिलंत याचा तिला पुरावा मिळेल.

आता रविवारचं. तुम्ही तो किस्सा स्वतःची फजिती म्हणून सांगितलात, मला शंका नाही. त्यात हुशार तीच आहे आणि फसलेले तुम्ही. मग ती का उठून गेली? तुमच्यासाठी तो किस्सा 'कोरा कागद आहे'पाशी संपतो. तिच्यासाठी तो सुरू होतो पहिल्या चित्रापाशी. दोन खरी चित्रं होती, त्यांवर तिने वेळ घालवला होता, ती कुणी पाहिली नाहीत. पत्रातसुद्धा त्या चित्रांत काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा अजून पाहिलीच नसावीत. तिला जे लागलं होतं ते तसंच असताना खोलीभर माणसं त्यावर हसली. सात-आठ वर्षांच्या वयात मुलांना चारचौघांत आपण कसे दिसतो याची चांगलीच जाणीव असते. लोक हसताहेत ते बाबांना, आपल्याला नाही, एवढा बारकावा त्या गदारोळात तिने कसा ओळखायचा?

तिच्याशी मिटवायचं आधी, आणि त्यावर हसायचं नंतर, असा क्रम ठेवा. तो उलटा झाला की हसण्याचा उपयोग मिटवणं टाळण्यासाठी होतो. आणि घरातला किस्सा बाहेर सांगायचा असेल तर त्यात जितकी माणसं आहेत तितक्यांची परवानगी घ्यावी, त्यातलं एक माणूस आठ वर्षांचं असलं तरी. 'हे आत्याला सांगू का?' एवढं विचारलं तरी पुरतं. बऱ्याचदा मुलं म्हणतात, 'मी सांगते!' मग त्यांना सांगू द्यावं. आपली फजिती मुलांच्या तोंडून ऐकणं फार गंमतीचं असतं. ती आपली अगदी हुबेहूब नक्कल करतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या हसण्यात ती स्वतः मालक असतात. आणि एखादं मूल 'नको' म्हणालं तर विषय तिथेच संपला, किस्सा कितीही झकास असला तरी.

बाटलीवर मात्र आज हसायचं नाही.

त्या सकाळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिला माहीत नाही. तिच्या लेखी बाटली तिनेच हरवली आणि बाबा त्यामुळे इतके संतापले. दुपारी तुमची चूक तुम्हाला सापडली, पण तिच्या डोक्यावरचा आरोप अजून उतरलेला नाही. तो उतरवणं फक्त तुमच्याच हातात आहे, आणि त्याला फार तर दोन मिनिटं लागतील. उशीर झाला, आता कशाला जुनं उकरायचं, असं मनात येईल. येऊ द्या. आठवडा गेला तरी उशीर झालेला नाही. महिना गेला असता तरी मी हेच सांगितलं असतं.

कसं सांगायचं? ती शांत असेल, तुम्हीही घाईत नसाल, तेव्हा तिच्या शेजारी बसा. 'त्या दिवशी मी बाटलीवरून तुझ्यावर ओरडलो ना, ती बाटली माझ्या बॅगेत होती. मीच ठेवली होती. तुझी काहीच चूक नव्हती. आणि तुझी चूक असती तरी तेवढं ओरडणं बरोबर नव्हतं. मला माफ कर.' एवढंच. त्यानंतर 'तुलाही जरा वस्तू जागेवर ठेवायला काय होतं' हे जोडू नका. कामाचा ताण, झोप न होणं, गाडीची घाई, ही कारणं खरी आहेत. ती बायकोला सांगा, मित्राला सांगा. मुलीसमोर मांडलीत तर तुमचा ताण सांभाळायची जबाबदारीही आपलीच आहे असं तिला वाटू लागेल.

आणखी एक सांभाळा, कारण तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्ही तिकडे घसराल अशी मला काळजी वाटते. 'मी फार वाईट बाबा आहे' असं तिच्यापुढे म्हणू नका. हे वाक्य ऐकलं की मूल स्वतःचं दुखणं बाजूला ठेवतं आणि आपल्यालाच समजवायला लागतं, 'नाही बाबा, तू चांगला आहेस.' माफी मागायला बसलेला माणूस सांत्वन घेऊन उठतो. तिला रागवायचं असेल तर रागवू द्या. ती 'मला माहीत होतं मी नाही हरवली!' असं ठणकावून म्हणेल, किंवा खांदे उडवून 'ठीक आहे' म्हणून खेळायला निघून जाईल. दोन्ही चालेल. मिठीची वाट बघत बसू नका.

मग ती हसली, स्वतःहून, 'बाबा, म्हणजे तू चोर होतास!' असं काही म्हणाली, तर मनापासून हसा. त्या क्षणापासून तो प्रसंग हसण्याजोगा झाला.

तुमचा दुसरा प्रश्न, स्वतःला माफ करायचं म्हणजे काय. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यावरून आईबाप फार छळून घेतात स्वतःला. पुष्कळांची अशी समजूत असते की आपण स्वतःला टोचत राहिलो तरच सुधारू, माफ केलं की सैल पडू. उलटं होतं. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या संशोधकांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची एक अवघड चाचणी दिली. ती सगळ्यांनाच कठीण जाणार होती. नंतर काही जणांना आपल्या अपयशाकडे ममतेने बघायला सुचवलं गेलं, काहींना त्यांच्या हुशारीची आठवण करून दिली गेली, काहींना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या चाचणीआधी सगळ्यांना तयारीची संधी होती. सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो ममतेने बघायला सांगितलेल्यांनी. यात मला नवल वाटत नाही. स्वतःला झोडपणाऱ्या माणसाची सगळी ताकद झोडपण्यात जाते, चुकीकडे नीट बघायला त्याच्याकडे काही उरत नाही. म्हणून तर तुम्ही इतके दिवस रात्री जागलात आणि तिच्याशी दोन मिनिटं बोलला नाहीत.

त्यामुळे स्वतःला माफ करण्याचं पहिलं काम म्हणजे चूक तिच्या मापात ठेवणं. 'मी बाप म्हणून नापास आहे' यावर कुणी काही करू शकत नाही. 'गाडी यायच्या आधीच्या दहा मिनिटांत माझा तोल जातो' यावर करता येतं. बॅग आणि बाटली रात्रीच दारापाशी ठेवता येते. सकाळची मीटिंग अर्धा तास पुढे ढकलता येते का ते विचारता येतं. आवाज चढतोय असं जाणवलं की 'मी दोन मिनिटं बाहेर थांबतो' म्हणून सरळ बाजूला जाता येतं. दरवेळी जमणार नाही. जमेल तेव्हा जमेल. माफी ही मनातल्या मनात द्यायची एखादी सही नाही, ती अशा कामांमधून हळूहळू पटत जाते.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. लहान मुलं आणि त्यांच्या आया यांच्यासोबत चाळीसेक वर्षं काम केलेला हा माणूस. मुलाला निर्दोष आई लागते, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी १९५३मध्ये मांडलं की पुरेशी चांगली आई हवी. सुरुवातीला ती बाळाच्या गरजेनुसार जवळजवळ पूर्णपणे वागते, आणि बाळाला पेलेल तसतशी हळूहळू कमी पडत जाते. त्या कमी पडण्यातूनच जग आपल्या इच्छेवर चालत नाही हे मुलाला झेपेल अशा मात्रेत कळतं. त्याआधी १९४९मध्ये त्यांनी आणखी धीट गोष्ट लिहिली होती. आईला आपल्याच बाळाचा राग का येतो, याची तब्बल अठरा कारणं त्यांनी मांडली. त्यातलं एक तर प्रत्येक आईबापाला ओळखीचं वाटेल: सकाळभर जीव मेटाकुटीला आणलेलं बाळ बाहेर पडल्याबरोबर अनोळखी माणसाकडे बघून हसतं, आणि तो माणूस म्हणतो, किती गोड आहे! ही यादी वाचून अनेकांना हसू येतं आणि मागोमाग फार हलकं वाटतं. राग येतो म्हणजे प्रेम नाही, असं या अनुभवी डॉक्टरला वाटत नव्हतं. इतका राग पोटात असूनही आई त्याची वसुली मुलाकडून करत नाही, याचं त्यांना मोल वाटत होतं. ते आईबद्दल लिहीत होते, पण तुम्ही ते स्वतःला लावून बघा. राग येणारच आहे. ओझं हलकं करायचं असेल तर ते मोठ्या माणसांपुढे करायचं, हसत किंवा रडत.

आणि हसण्याचेही प्रकार आहेत. रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने २००३मध्ये सहकाऱ्यांसोबत विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. लोकांना जवळ आणणारा, अवघड प्रसंगी स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला बोचणारा, आणि स्वतःला खाली पाडून इतरांना हसवणारा. यातला चौथा दिसायला निरुपद्रवी असतो, आणि तुमच्यासारखी हसरी माणसं त्यात सहज अडकतात. आपण सांगतोय तो कुठल्या प्रकारचा, हे ओळखायला मी एकच बघते: सगळे घरी गेल्यावर कसं वाटतं? सावरणारा विनोद करून झाल्यावर माणसाला बरं वाटतं. तुम्ही त्या रविवारी सर्वांना हसवलंत आणि रात्री जागे राहिलात.

काही गोष्टी मात्र कितीही वेळ गेला तरी हसण्यात घालू नयेत. हात उगारला जात असेल, ओरडणं रोजचं झालं असेल, मूल तुमची चाहूल लागताच गप्प होत असेल किंवा फुटलेल्या-हरवलेल्या वस्तू लपवत असेल, तर तिथे समुपदेशकाकडे जावं, आणि लवकर जावं. तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसत नाही. पण झोपेचा त्रास आणखी दोन-तीन आठवडे राहिला, तर तो मनावर घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. न झोपलेल्या माणसाचा सकाळी तोल जातोच.

शेवटी तुमच्या बायकोचं ते वाक्य. तुम्ही ते टोमणा म्हणून घेतलंत. मला त्यात वेगळंच काही ऐकू येतंय. हाच किस्सा तिने सांगितला असता, की मुलगी तीनदा चित्र घेऊन आली आणि मी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही, तर तीच माणसं तशीच हसली असती का? विसराळू बाप सगळ्यांना भोळा वाटतो, विसराळू आईकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. तिच्या पोटातही असे प्रसंग असणार, आणि ते चारचौघांत सांगायची मोकळीक तिला कुणी दिलेली नाही. 'बरं आहे' म्हणताना तिच्या मनात कदाचित हेच असेल.

मुलीशी बोलून झालं की एखाद्या रात्री बायकोशी बोला. आधी बाटलीचं सांगा, पूर्ण, स्वतःला न वाचवता. मग विचारा, तुझं असं काही आहे का जे तू कुणाला सांगितलं नाहीस? ती सांगेल तेव्हा 'एवढं काय त्यात' म्हणून उडवून लावू नका आणि लगेच उपायही सुचवू नका. हसायचं की नाही, हे या वेळी तिला ठरवू द्या.